उंदीर, सापळा व आमिष

गृहव्यवस्थेचा एक पाठ

उंदरांचा सापळा ज्यांत नाहीं असें घर आमच्या खेड्यांतून क्वचितच आढळेल. आणि तो माळ्यावर धूळ खात पडलेला नाहीं असेंही घर क्वचितच आढळेल. लोक बाजारांतून हौसेनें सापळा आणितात, त्यांत भाकरीचा तुकडा अडकवून तो स्वयंपाकघराच्या मध्यभागीं ठेवितात, दोन रात्री वाट पाहतात, आणि तिसऱ्या दिवशीं “आमच्याकडील उंदीर फार हुशार झाले” असें म्हणून त्यास वर टाकून देतात. त्यानंतर घरांत विषाची पुडी येते. त्या पुडीनें उंदीर मरोत अथवा न मरोत, घरांतील लेंकरांच्या जिवास मात्र त्या दिवसापासून धोका उत्पन्न होतो. यास्तव सापळा कां फसतो आणि तो फसूं नये म्हणून काय करावें, याचा विचार प्रत्येक कुटुंबानें करणें अगत्याचें आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे कीं, सापळा हें केवळ एक यंत्र होय. उंदराला धरून देते ती त्याची स्वतःचीच संवय. ती संवय ज्यानें ओळखली त्याच्या हातांत दहा-वीस वर्षांचा जुना चापही उत्तम काम देतो. आणि ज्यानें ती ओळखली नाहीं त्यानें कितीही महाग पिंजरा आणिला तरी तो रिकामाच राहतो.

१. नुकसान किती होतें?

प्रथम हिशेब पाहूं. पूर्ण वाढलेला घर-उंदीर दिवसाकाठीं सुमारें २५ ग्रॅम धान्य खातो. हें प्रमाण क्षुल्लक दिसतें. परंतु वर्षाचे ३६५ दिवस धरिले म्हणजे एका उंदराचें खाणें ९ किलोंवर जातें. घरांत दहा उंदीर असले तर वर्षांत सुमारें ९० किलो धान्य, म्हणजे जवळजवळ एक पोतें ज्वारी, त्यांच्या पोटांत गेली असें समजावें. आणि उंदीर खातो त्याहून नासतो अधिक. तो पोतें कुरतडतो, धान्य सांडतो, त्यांत लेंड्या व मूत्र टाकितो. जो शेतकरी अर्ध्या पोत्यासाठीं व्यापाऱ्याशीं तासभर घासाघीस करितो, तोच घरांतील ह्या अखंड चोरीकडे डोळेझांक करितो, हें नवल नव्हे काय?

दुसरें नुकसान रोगांचें. इ. स. १८९६ मध्यें मुंबईंत प्लेगची सांथ उद्भवली आणि पुढें ती गांवोगांव पसरली. तो रोग उंदरांच्या अंगावरील पिसवांच्या द्वारें माणसांस होतो, हें पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ मध्यें कराची येथें प्रयोगानें दाखविलें. ही गोष्ट फार जुनी झाली असें कोणी म्हणूं नये. कारण १९९४ मध्यें आमच्याच बीड जिल्ह्यांतील मामला गांवीं व त्यानंतर सुरत शहरीं प्लेगनें पुन्हां डोकें वर काढिलें. लेप्टोस्पायरोसिस हा तापही उंदरांच्या मूत्रापासून होतो. मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून अथवा चिखलांतून अनवाणी चालणाऱ्याच्या पायास जखम असली, तर तिच्यांतून रोगाचे जंतु शरीरांत शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईंत ह्या तापानें पुष्कळांस ग्रासिलें. आणि भातशेतींत गुडघाभर चिखलांत राबणाऱ्या कोंकणांतील लोकांस त्याची भीति दर पावसाळ्यांत असते.

तिसरें नुकसान फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. उंदीर जेथें, तेथें साप. नाग व घोणस हे माणसास दंश करण्याच्या हेतूनें घरांत येत नाहींत. ते उंदरांच्या मागावर येतात, आणि अंधारांत त्यांवर पाय अथवा हात पडतो. इ. स. २००० पासून २०१९ पर्यंत आमच्या देशांत सर्पदंशानें सुमारें १२ लक्ष माणसें मृत्यु पावलीं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्यांतील बहुतेक खेड्यांतील होतीं. जो आपल्या घरांतील उंदीर कमी करितो, तो आपल्या उंबरठ्यावरील साप कमी करितो.

२. चोर कोणता तें ओळखा

सर्व उंदीर एकसारखे नाहींत, आणि एकाच सापळ्यानें सर्व सांपडत नाहींत. आमच्या घरांत व परसांत चार प्राणी मुख्यत्वें दिसतात.

पहिला घर-उंदीर. ह्याचे कान मोठे, अंग सडपातळ व शेंपटी धडाहून लांब असते. हा चढण्यांत पटाईत असतो. आढें, वासे, कौलांखालील पोकळी व माळा हीं त्याचीं आवडतीं ठिकाणें. त्याची लेंडी सुमारें अर्धा इंच लांब असते.

दुसरा लहान उंदीर. हा आपल्या अंगठ्यापेक्षां फारसा मोठा नसतो. पेटी, गाठोडें, कपाट, धान्याचें पोतें यांत घर करून राहतो. त्याच्या लेंड्या जिऱ्याच्या दाण्याएवढ्या असतात. पाव इंचाच्या फटींतूनही तो आंत येतो. मोठ्या उंदरास पाऊण इंच पुरतो.

तिसरी घूस. ही अंगानें जड असते. मोठ्या जातीची घूस अर्धा किलो व त्याहूनही अधिक भरते. ती चढत नाहीं, खणते. भिंतीच्या पायाशीं, गोठ्यांत, उकिरड्याजवळ मातीचे ताजे ढीग दिसले म्हणजे ती घूस समजावी.

चौथी चिचुंद्री. हिचें तोंड लांब व टोंकदार असतें, अंगास उग्र दर्प येतो, आणि ती भिंतीच्या कडेनें चिक्‌-चिक्‌ असा आवाज करीत धांवते. ही दिसण्यांत उंदरासारखी असली तरी उंदीर नव्हे. तिचें मुख्य अन्न झुरळें व किडे हें होय. चोरांच्या घोळक्यांत सांपडलेल्या ह्या चौकीदारास विनाकारण मारूं नये. पिंजऱ्यांत आली तर बाहेर सोडून द्यावी.

कोणता प्राणी कोणत्या वाटेनें जातो हें पाहण्यास एक सोपा उपाय आहे. रात्रीं निजण्यापूर्वीं भिंतीच्या कडेस व कोठीभोंवतीं चाळलेली राख अथवा जुनें पीठ पातळ पसरावें. सकाळीं त्यावर पाउलें व शेंपटीची रेघ स्पष्ट उमटलेली दिसेल. जेथें रोज ये-जा असते तेथें भिंतीवर अंगाच्या तेलकटपणाचा काळसर पट्टाही आढळतो. सापळा मांडण्याची जागा आपण ठरवावयाची नसते. ती उंदरानेंच ठरविलेली असते, आणि राख ती आपणांस दाखविते.

३. उंदराच्या तीन संवयी

पहिली ही कीं, उंदीर मोकळ्या जागेंतून जाण्यास भितो. त्याची दृष्टि मंद असते. तो मिशांनीं भिंत चांचपीत चालतो. म्हणून खोलीच्या मध्यें ठेविलेला सापळा त्याच्या वाटेवर येतच नाहीं.

दुसरी ही कीं, मोठा उंदीर नव्या वस्तूस बिचकतो. काल नव्हती ती वस्तु आज वाटेंत दिसली, कीं तो कांहीं दिवस तिला वळसा घालून जातो. आमचे लोक दोन रात्रींत निराश होतात, आणि नेमका तेवढाच काळ उंदरास धीर येण्यास लागतो. लहान उंदराची गोष्ट उलट आहे. तो जिज्ञासु असतो. नवी वस्तु दिसली कीं जवळ जाऊन हुंगतो. म्हणून तो बहुधा पहिल्या एक-दोन रात्रींतच सांपडतो. पहिल्या रात्रीं दोन लहान उंदीर सांपडले व पुढें मोठा एकही सांपडला नाहीं, असा जो अनुभव पुष्कळांस येतो, त्याचें कारण हेंच होय.

तिसरी ही कीं, उंदीर नवें अन्न प्रथम किंचित् चाखून पाहतो. त्यास ओकारी येत नाहीं; एकदां पोटांत गेलेलें बाहेर टाकण्याची शक्ति त्यास नाहीं. म्हणूनच तो इतका सावध असतो. किंचित् चाखल्यावर पोटांत दुखूं लागलें, तर तो वांचल्यास तो पदार्थ पुढें दीर्घकाळ तोंडांत घेत नाहीं. सापळ्याचा चाप सुटला पण उंदीर निसटला, तरीही तो त्याच धोरणानें वागतो. यास्तव अर्धवट मांडलेला सापळा हा मुळींच न मांडलेल्या सापळ्याहून वाईट.

४. सापळा कोणता घ्यावा?

तारेचा पिंजरा. यांत उंदीर जिवंत सांपडतो. ज्या घरांत रांगतीं मुलें, मांजर अथवा कोंबड्या आहेत त्या घरास हा उत्तम. विकत घेतांना आंकडीवर काडीनें हलकें टेंकून पाहावें. दार ताबडतोब व पूर्ण बंद झालें पाहिजे. आंकडी ताठ असली तर उंदीर आमिष खाऊन चालता होतो. बिजागरीस गंज चढूं देऊं नये. एक प्रकार असाही आहे कीं, ज्यांत नरसाळ्यासारख्या तोंडांतून उंदीर आंत शिरतो पण बाहेर येऊं शकत नाहीं, व एकाच रात्रीं अनेक सांपडतात. जेथें उंदीर पुष्कळ आहेत तेथें तो घ्यावा.

चापाचा सापळा. लांकडी फळीवर बसविलेल्या कमानीचा हा सापळा अमेरिकेंत विल्यम हूकर नांवाच्या गृहस्थानें १८९४ मध्यें नोंदविला, व अद्यापि त्याहून स्वस्त व जलद साधन नाहीं. चाप जोरदार असला तर उंदीर एका क्षणांत मरतो, व त्याचे हाल होत नाहींत. पण लहान उंदराचा चाप मोठ्या उंदरास लावूं नये. तो केवळ जखमी होऊन पळतो. घुशीस चापही पुरत नाहीं. तिला मोठा व मजबूत पिंजराच पाहिजे. मुलांचा अथवा मांजराचा हात-पाय चापांत जाऊं नये म्हणून तो दोन कौलांच्या पोकळींत अथवा दोन्ही बाजूंस भोंक पाडिलेल्या खोक्यांत ठेवावा. उंदरासही अशी आडोशाची जागा आवडते, म्हणून एका उपायानें दोन कामें होतात.

चिकट फळी. ही हल्लीं बाजारांत सर्वत्र मिळते, पण आम्ही तिची शिफारस करीत नाहीं. तिच्यावर उंदीर तासन्‌तास तडफडत राहतो. शिवाय पाल, चिचुंद्री, चिमणी, जें जवळ येईल तें तिला चिकटतें. आणि धुळीनें अथवा ओलाव्यानें चिकटपणा गेला कीं तिचा उपयोगही संपतो. ज्या प्राण्यास मारावयाचें त्यास मारावें, छळूं नये.

शेतांतील सापळे. तमिळनाडूंतील तंजावर प्रांतीं भातशेतकरी बांबूचा धनुष्याकृति सापळा करितात. वांकविलेल्या बांबूच्या ताणानें दोरीचा फांस उंदरास आंवळतो. त्यास लोखंड लागत नाहीं, आणि कुशल माणूस तो घरींच तयार करितो. दुसरा उपाय मडक्याचा. गुळगुळीत मडकें गळ्यापर्यंत जमिनींत पुरून अर्धें पाण्यानें भरितात, व तोंडाजवळ आमिष ठेवितात. आंत पडलेल्या उंदरास वर चढतां येत नाहीं. मात्र जेथें लहान मुलें अथवा जनावरें फिरतात तेथें असें मडकें पुरूं नये.

५. आमिष कोणतें ठेवावें?

युरोपांतील चित्रांत सापळ्यांत चीजचा तुकडा दाखवितात. परंतु चीज कांहीं उंदराचें विशेष आवडीचें खाणें नव्हे. आमिषाचा नियम एकच आहे: घरांत जें विपुल आहे तें आमिष होऊं शकत नाहीं. ज्याच्या सभोंवतीं ज्वारीचीं दहा पोतीं आहेत तो उंदीर भाकरीच्या वाळलेल्या तुकड्यासाठीं जीव कां धोक्यांत घालील? त्यास जें मिळत नाहीं तें द्यावें.

धान्याच्या कोठींत सर्व कांहीं कोरडें असतें, म्हणून तेथें ओला पदार्थ ठेवावा. टोमॅटोची फोड, काकडी अथवा पिकलेलें केळें चालतें. कडक उन्हाळ्यांत तर केवळ पाण्याची वाटीही मोठ्या उंदरास ओढून आणिते. स्वयंपाकघरांत, जेथें ओलें अन्न सांडलेलें असतें, तेथें तेलकट व वासाचा पदार्थ ठेवावा. भाजलेलें खोबरें, शेंगदाण्याचा कूट व गूळ एकत्र करून केलेली गोळी अथवा कांद्याचें भजें हीं उत्तम. समुद्रकांठच्या गांवीं सुका बोंबील किंवा सुकट ठेवितात. पण त्या वासानें मांजर व चिचुंद्रीही येतात हें ध्यानांत असावें. लहान उंदरास शेंगदाण्याचा अथवा खोबऱ्याचा कण पुरे. त्यास पाणी फारसें लागत नाहीं. धान्यांतील ओलावाच त्यास पुरतो, म्हणून ओल्या आमिषाचा त्यावर विशेष परिणाम होत नाहीं. मात्र विणीच्या दिवसांत मादी घरट्यासाठीं मऊ वस्तु शोधीत असते. तेव्हां खाण्याच्या आमिषास न भुलणारी ही मादी चापास बांधलेल्या कापसाच्या बोळ्यास भुलते.

आमिष थोडें असावें. हरभऱ्याच्या दाण्याएवढें पुरे. पुष्कळ ठेविलें तर उंदीर कडेकडेनें खाऊन तृप्त होतो व आंकडीस धक्का लागत नाहीं. आमिष दोऱ्यानें आंकडीस घट्ट बांधावें, म्हणजे तें ओढण्यासाठीं त्यास जोर करावा लागेल व त्या जोरानेंच चाप सुटेल. आमिष रोज ताजें असावें. बुरशी आलेल्या खोबऱ्यास उंदीरही तोंड लावीत नाहीं.

६. सात रात्रींचा क्रम

पहिल्या दिवशीं घर झाडून काढावें. उघडें अन्न, खरकटीं भांडीं, जनावरांचें उरलेलें आंबोण रात्रीं झांकून ठेवावें. ज्या घरांत रात्रभर ताट वाढलेलें असतें तेथें आमिषाचा उपयोग नाहीं. त्याच रात्रीं राख पसरून वाटा शोधाव्या.

दुसऱ्या रात्रीं सर्व सापळे त्या वाटांवर ठेवावे, त्यांत आमिष घालावें, परंतु चाप चढवूं नये. पिंजऱ्याचें दार उघडें बांधून ठेवावें. तिसऱ्या व चौथ्या रात्रींही असेंच करावें. उंदरानें आमिष खाल्लें तर दुःख मानूं नये. तो आपल्या सापळ्यास आपलेंच जेवणघर समजूं लागला आहे. ज्या सापळ्यांतील आमिष तिन्ही रात्रीं अस्पर्श राहिलें तो सापळा दुसरीकडे हलवावा.

पांचव्या रात्रीं सर्व सापळे एकदम चढवावे. एक सापळा महिनाभर मांडण्यापेक्षां दहा सापळे तीन रात्रीं मांडणें अधिक फलदायी आहे. कारण उरलेल्या उंदरांस शिकण्यास सवड मिळत नाहीं. घरीं इतके सापळे नसले तर शेजाऱ्यांकडून मागून आणावे. चाप भिंतीस काटकोनांत, आमिषाचें टोंक भिंतीकडे येईल असा ठेवावा, म्हणजे दोन्ही बाजूंनीं येणारा उंदीर त्यावरून जाईल. लहान उंदीर आपल्या घरट्यापासून फार दूर जात नाहीं, म्हणून त्याचे चाप सहा-सहा फुटांवर ठेवावे. मोठ्या उंदराचे पंधरा-वीस फुटांवर चालतील. वासे व आढें यांवरील चाप सुतळीनें बांधून टाकावे, नाहीं तर सापळा उंदरासह खालीं निजलेल्यांच्या अंगावर पडेल.

सहाव्या व सातव्या रात्रीं पुन्हां तसेंच करावें. नंतर आठ-पंधरा दिवस सर्व सापळे उचलून ठेवावे, व पुन्हां राख पसरून किती शिल्लक आहेत तें पाहावें.

७. उंदीर सांपडल्यानंतर

सापळे दररोज पहांटे पाहावे. पिंजऱ्यांतील प्राण्यास दिवसभर उन्हांत तहानेनें मरूं देणें हें निर्दयपणाचें आहे. एका जोरदार आघातानें त्याचा अंत करावा. दूर नेऊन सोडिलेला उंदीर दुसऱ्या कोणाची कोठी फोडितो, म्हणून तो उपाय शेजारधर्मास सोडून आहे. मात्र खार, चिचुंद्री अथवा पक्षी सांपडला तर त्यास अवश्य सोडावें.

मेलेल्या उंदरास उघड्या हातानें कधींही स्पर्श करूं नये. हातास प्लास्टिकची पिशवी गुंडाळून उचलावा, व विहीर आणि नाला यांपासून दूर, कुत्र्यांनीं उकरून काढूं नये इतका खोल पुरावा. सापळा उकळत्या पाण्यानें धुवून उन्हांत वाळवावा, आणि हात साबणानें धुवावे.

एक गोष्ट फार महत्त्वाची. सापळा अथवा विष न घालितां गांवांत उंदीर आपोआप मरून पडूं लागले, तर त्यांस हात न लावितां त्याच दिवशीं प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावें. अशा वेळीं उंदीर मारण्याची घाईही करूं नये. कारण उंदराचें प्रेत थंड झालें कीं त्यावरील पिसवा दुसरें शरीर शोधूं लागतात. प्लेगचा संशय असेल तेथें प्रथम पिसवांचा बंदोबस्त, व नंतर उंदरांचा, हा क्रम आहे.

८. विषाविषयीं इशारा

“सापळ्याची इतकी खटपट कशाला? दहा रुपयांची पुडी आणिली कीं झालें,” असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर ऐका.

पिवळ्या फॉस्फरसाची लेही भाकरीस लावून ठेवितात. ती मुलाच्या पोटांत गेली तर पहिला दिवस-दोन दिवस मूल बरें झाल्यासारखें दिसतें, आईबाप निर्धास्त होतात, आणि नंतर यकृत निकामी होऊं लागतें. झिंक फॉस्फाइड ही करड्या-काळ्या रंगाची पूड पोटांत जातांच विषारी वायु उत्पन्न करिते. ह्या दोन्ही विषांवर उतारा नाहीं. धान्यांत ठेवावयाच्या गोळ्या (अॅल्युमिनियम फॉस्फाइड) तर त्याहून भयंकर. त्यांचा वायु बंद खोलींत पसरून निजलेल्या माणसांचा प्राण घेतो. त्या केवळ जाणत्या अधिकाऱ्यांच्या देखरेखीखालीं वापरण्याचा नियम आहे, तरी खेड्यांत त्या हातोहात फिरतात. ज्या घरांत माणसें निजतात त्या घरांत त्या गोळ्या एक रात्रही असूं नयेत.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणानें सांगावी लागते. रागाच्या अथवा निराशेच्या एका क्षणीं हाताशीं सांपडलेल्या ह्याच विषानें किती तरी तरुण स्त्रीपुरुषांनीं आपला जीव घालविला आहे. तो क्षण टळला असता तर तीं माणसें आज आपल्यांत असतीं. उंदरासाठीं आणिलेलें विष घरांत ठेवणें म्हणजे तसा क्षण येईल तेव्हांसाठीं दार उघडें ठेवणें होय.

शेतांत विष वापरणें प्राप्तच झालें, तर तें कृषि अधिकाऱ्याच्या सल्ल्यानें वापरावें, आमिष बिळांतच घालावें, उरलेलें खोल पुरावें, व मेलेले उंदीर गोळा करावे. नाहीं तर ते खाणारीं घुबडें, मांजरें व कुत्रीं मरतात. ब्रोमॅडिओलोनसारख्या विषानें उंदीर कांहीं दिवसांनीं मरतो, व त्यावर डॉक्टरांपाशीं उतारा आहे. तरी तेंही मुलांपासून दूरच ठेवावें. कोणाच्याही पोटांत विष गेल्याचा संशय आला, तर दूध, तेल अथवा मिठाचें पाणी पाजण्यांत वेळ न दवडितां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, व पुडीचें वेष्टण दवाखान्यांत बरोबर न्यावें.

९. झुरळें, मुंग्या व ढेकूण

वर सांगितलेलें तत्त्व लहान किड्यांसही लागू पडतें. झुरळांसाठीं कांचेच्या बरणींत केळ्याचा तुकडा ठेवून तिच्या गळ्यास आंतून तेल लावावें. बाहेरून चढण्यासाठीं बरणीस कागद गुंडाळावा. आंत पडलेलें झुरळ वर चढूं शकत नाहीं. बोरिक पावडर, कणीक व साखर यांच्या गोळ्याही करितात. त्या मुलांच्या हातास न लागतील अशा फटींत ठेवाव्या.

मुंग्यांस साखरेच्या पाण्यांत बोरिक पावडर अगदीं थोडी, शंभर भागांस एक भाग, घालावी. अधिक घालण्यानें अधिक मुंग्या मरतील अशी समजूत चुकीची आहे. आमिष सौम्य असलें तर मुंगी तें वारुळांत नेऊन इतरांस भरविते. तीव्र असलें तर ती वाटेंतच मरते, व वारूळ जसेंच्या तसें राहतें. दुधा-गुळाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची आमच्या आज्यांची रीत मात्र सर्वांहून निर्धोक होय.

ढेकणास आमिष नाहीं. तो रक्तावांचून दुसरें कांहीं घेत नाहीं. म्हणून त्याची लपण्याची जागाच शोधावी. खाटेच्या सांध्यांत उकळतें पाणी ओतावें, अंथरुणें कडक उन्हांत पुन्हां पुन्हां घालावीं, व भिंतींच्या भेगा लिंपून टाकाव्या.

१०. एका घराचें काम नव्हे

घर-उंदराची मादी सुमारें तीन आठवडे गाभण राहते, एका वेळीं साधारण सहा ते आठ पिलें देते, आणि तीं पिलें तीन महिन्यांत स्वतः विऊं लागतात. अशा प्राण्यास एकट्या घरानें हटविणें शक्य नाहीं. आपण आपलें घर स्वच्छ केलें, तर पंधरवड्यांत शेजारचे उंदीर तेथें राहावयास येतात. यास्तव सर्व आळीनें, शक्य तर सर्व गांवानें, एकाच आठवड्यांत सापळे मांडावे. ह्यास वैशाख-ज्येष्ठ हे महिने योग्य. कारण तेव्हां शेतें रिकामीं असतात, उंदीर भुकेला असतो, व पावसाळ्यांतील वीण अद्यापि सुरू झालेली नसते. उपदेशक, शिक्षक व अंगणवाडी चालविणाऱ्या भगिनी ह्यांनीं पुढाकार घेऊन एक दिवस ठरवावा, सापळ्यांची यादी करावी, आणि ज्यांच्यापाशीं सापळा नाहीं त्यांस तो मिळवून द्यावा. विधवेचें घर व वृद्धाचें घर ह्या कामांत प्रथम धरावें; त्यांचें धान्य थोडें असतें, व तें गेलें तर भरून काढणारा कोणी नसतो.

त्याबरोबरच वाटा बंद कराव्या. बिळें दगडाचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीं. नुसती माती उंदीर एका रात्रींत काढितो. कणग जमिनीस टेंकलेली नसावी. ती अडीच-तीन फूट उंच मंचकावर ठेवून खांबांस पत्र्याची गुळगुळीत टोपी बसवावी. शक्य त्यानें पत्र्याची कोठी घ्यावी. शेतांत घुबडांस बसण्यासाठीं उंच काठ्यांवर आडव्या फळ्या ठोकाव्या. गव्हाणी घुबड रात्रभर उंदरांवरच जगतें. त्यास अपशकुनी म्हणून दगड मारणारा मनुष्य आपल्याच राखणदारास हांकलून देतो. बिनविषारी धामणीसही तोच न्याय लावावा.

माळ्यावरील सापळा आज खालीं काढा. त्याचा गंज घासा, काडीनें आंकडी तपासा, आणि आज रात्रीं राख पसरा. सकाळीं जी वाट दिसेल तीच आपली शाळा समजा.

उजळणीचे प्रश्न

१. दहा उंदीर एका वर्षांत सुमारें किती धान्य खातात? हिशेब करून सांगा.
२. घर-उंदीर, लहान उंदीर, घूस व चिचुंद्री हीं कशीं ओळखावीं? ह्यांपैकीं कोणास सोडून द्यावें व कां?
३. पहिल्या तीन रात्रीं चाप कां चढवूं नये?
४. धान्याच्या कोठींत कोणतें आमिष ठेवावें? स्वयंपाकघरांत कोणतें?
५. आपोआप मेलेले उंदीर दिसल्यास प्रथम काय करावें?
६. आपल्या घरांत सध्यां कोणतें विष आहे? तें कोठें ठेविलें आहे? तें घरांतून काढून टाकण्यास आपण काय कराल?
७. आपल्या आळींत एकूण किती सापळे आहेत तें मोजून आणा.